बाळाच्या भिंतीवर हाताने केलेली अक्षरं: नाव माहीत नसताना काय करू?

मेथांबा

मंडळी, मदत हवी आहे. दिवाळीच्या आसपास मी आत्या होणार आहे! दादा-वहिनी पुण्यात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतात. छोट्या खोलीत पाळणा ठेवायचा बेत आहे आणि तिथली एक भिंत पूर्ण मोकळी आहे. त्या भिंतीवर बाळाचं नाव लावायचंय. देवनागरीत आणि स्वतःच्या हाताने केलेलं. नेटवर शोधलं तर सगळीकडे लाकडी ए, बी, सी आणि ढगांच्या उशा. मराठी अक्षरांचं कुणी काही केलेलं फारसं दिसत नाही.

अडचणी अशा:
नाव माहीत नाही. मुलगा की मुलगी हेही अर्थातच माहीत नाही. बारसं बाराव्या दिवशी. कानात कुर्र मीच करणार, पण नाव मलाही आदल्या दिवशीच सांगणार म्हणे. म्हणजे हातात एक रात्र.
आई म्हणते, बाळ यायच्या आधी घरात काही आणून ठेवायचं नाही.
घरमालकाने खिळे ठोकायचे नाहीत असं करारातच लिहून घेतलंय.

कशाची करू, कशी लावू? शिवण बऱ्यापैकी येतं. सुतारकाम शून्य.

बंड्या टू पॉइंट ओ

'बाळ' असंच लावा. दोन अक्षरं, एक काना. कुठलंही मूल आलं तरी चालतं. पहिला नंबर माझा, आता खुर्ची टाकून बसतो.

टाकाऊटिकाऊ

मी केलंय हे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुतणीसाठी 'शर्वरी' केलं होतं, खणाच्या कापडाचं. आईच्या जुन्या खणाच्या चोळ्या होत्या, विरल्या होत्या पण काठ शाबूत होते. अक्षरं ए फोर कागदावर छापली, साधारण १८ सेंटिमीटर उंचीची. एका कागदावर एक अक्षर. कागद कापून तो साचा कापडावर ठेवायचा आणि चहूबाजूंनी बोटभर दाब सोडून कापायचं. अशी दोन कापडं, मध्ये कापूस, कडेने काजटाका. आत शिंप्याकडचं बकरम घाला, नाहीतर अक्षर मान टाकतं. र तर टाकतोच, कारण त्याला आधाराला दांडा नाही.

आता माझा गाढवपणा ऐका. खण एकाच बाजूने चांगला दिसतो. मी साचा ठेवला उलट्या बाजूवर, कारण खडूच्या खुणा सुलट बाजूला नको होत्या. सगळी अक्षरं कापून झाली, उलटून बघते तर आरशात बघितल्यासारखी! व पोट उजवीकडे करून बसलेला. चोळ्या तर कापून झालेल्या. शेवटी पुढच्या बाजूला साधं सुती कापड घातलं आणि खण मागे भिंतीकडे गेला. आजही ते नाव भिंतीवर आहे आणि खरा खण फक्त पालीला दिसतो.

तात्पर्य: कापड उलटं असेल तर साचाही उलटा ठेवा. फेल्ट (दाबून केलेलं जाड कापड) घेतलंत तर ही भानगडच नाही, ते दोन्हीकडून सारखं असतं. रविवार पेठेत, बोहरी आळीत सगळं मिळेल.

बंड्या टू पॉइंट ओ

>>खरा खण फक्त पालीला दिसतो

वारलो 😂

सडाफटिंग

बाळाची खोली? आम्ही चार भावंडं, आई-वडील, आजी आणि एक भाडेकरू अशा दोन खोल्यांत वाढलो. माझी 'नर्सरी' म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली आजीच्या नऊवारीची झोळी. भिंतीवर अक्षरं होती, पण ती किराणा दुकानाच्या कॅलेंडरची. ही सगळी अमेरिकेची नक्कल चालली आहे. चालू द्या.

स्वाती जर्सी

सडाफटिंग, अमेरिकेचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. इथेही बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला हाच आहे की निदान पहिले सहा महिने बाळाने आई-वडिलांच्याच खोलीत झोपावं, फक्त वेगळ्या बिछान्यावर. त्यामुळे आमच्याही लेकीची सजवलेली खोली सहा महिने ओस होती. आम्ही तिथे डायपरचे खोके ठेवायचो.

मेथांबा, इथे मुलगी आहे हे आधीच कळलं होतं, नावही ठरलं होतं, तरी मला अक्षरं जमली नाहीत. माझी चूक सांगते म्हणजे तू करणार नाहीस. इंग्रजी अक्षरांसारखं एकेक सुटं करून दोरीला अडकवलं. नाव 'मैत्रेयी'. मै, त्रे, यी असे तीन तुकडे, प्रत्येकाची शिरोरेषा वेगळी, मध्ये चार बोटं अंतर. शेजारच्या तमिळ बाईंना नाव वाटलंच नाही, तीन वेगळी चित्रं वाटली. आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे नाव आहे की दात पडलेलं तोंड?"

थर्माकोलकिंग

पूर्वी आम्ही गणपतीची मखरं करायचो तेव्हा तापल्या तारेने थर्माकोलची अशी अक्षरं पाच मिनिटांत कापायचो. 'सुस्वागतम' तर डोळे मिटून. २०१८ पासून राज्यात बंदी आली, मग पुठ्ठ्यावर आलो. मेथांबा, जाड पुठ्ठा वाईट नसतो हं. टीव्हीच्या खोक्याचा घे, दोन थर आडवे-उभे चिकटव, कडेला मास्किंग टेप, वरून लोकर गुंडाळ. वजन नगण्य. सनबोर्डही (फोमचा कडक बोर्ड) कापायला सोपा, पण नवं ब्लेड घे. जुनं ब्लेड कडा खातं.

बोरूबहाद्दर

स्वातीताईंच्या सासूबाईंनी एका वाक्यात अख्खं देवनागरी सांगितलं. साइनबोर्ड रंगवण्यात माझी २२ वर्षं गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकलेलं असतं. लहानपणी दुरेघी वहीत आपण वरच्या रेघेला धरूनच लिहायचो ना? मग इंग्रजीवाल्यांसारखी सुटी अक्षरं करायचीच कशाला? एक काठी घ्या. वेताची, बांबूची, नाहीतर पडद्याचा जुना लाकडी रॉड. ती काठी म्हणजे शिरोरेषा. अक्षरं *डोक्याशिवाय* कापा आणि काठीला खाली टांगा, दांडीवर कपडे वाळत घालतो तशी. काठी एकच असल्यामुळे नाव एकसंध दिसतं, आणि भिंतीत आधार लागतात फक्त दोन. मालकही खूश.

तुमच्या 'एका रात्री'चाही प्रश्न सुटतो. काठी आधी तयार ठेवा, त्या रात्री फक्त अक्षरं.

आता खाचाखोचा.

एक, काठीच्या वर जाणारं सामान. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. हे कापडाचं केलं तर वर उभं राहणार नाही. तारेचं करा. कपड्यांच्या हँगरची तार चांगली, तिला लोकर गुंडाळा. काठीला बारीक भोक पाडून तार त्यातून वर काढा.

दोन, जोडाक्षर एका तुकड्यात कापा. अर्धं अक्षर वेगळं टांगलंत की ते लंगडतं.

तीन, ध आणि भ. यांच्या डोक्यावर रेघ पूर्ण नसते, डावीकडे मोकळी जागा असते. काठी आरपार गेली की ध चा घ आणि भ चा म वाचला जाणार. नाव 'धनश्री' किंवा 'भार्गव' निघालं तर काठी विसरा, पाटीवर चिकटवा.

चार, प्रत्येक अक्षर *दोन ठिकाणी* बांधा. एका दोऱ्यावर टांगलं आणि पंखा लावला की गिरक्या घेतं.

आकार कुठला घ्यायचा म्हणाल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मोदक' नावाचा फॉन्ट फुकट मिळतो. नावाप्रमाणेच गुबगुबीत, आतली पोकळी जवळजवळ बुजलेली. बाळासाठी झकास. मी मात्र हाताने काढा म्हणेन. कमल शेडग्यांची नाटकांची शीर्षकं जुन्या वर्तमानपत्रांत बघा. नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा.

बंड्या टू पॉइंट ओ

म्हणजे आनंदीबाईंनी ध चा मा केला, मेथांबा ध चा घ करणार. प्रगती आहे.

टाकाऊटिकाऊ

बोरूबहाद्दर, __/\__ काठीची कल्पना मला का सुचली नाही! शर्वरी आता नऊ वर्षांची आहे, पण परत करते.

निवृत्त मास्तर

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. नातीचं नाव शलाका. जावयांनी संगणकावरून अक्षरं छापून लाकडात कापून आणली. काम सुबक. पण श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे! मी ३४ वर्षं पहिलीच्या पोरांना पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवायला लावला. आणि घरच्या भिंतीवर हे? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हेच आकार सांगितले आहेत. जावई म्हणाले, "बाबा, तिला अजून मानही धरता येत नाही." मी म्हटलं, मान धरेल तेव्हा समोर बरोबर ल असू दे.

दुसरा संच कापून आणला. पहिला माळ्यावर आहे.

सडाफटिंग

मास्तर, आमचा निम्मा महाराष्ट्र मोबाइलवर तोच हिंदी ल रोज वाचतो. कुणाचं काही बिघडलं नाही.

निवृत्त मास्तर

बिघडलं आहे. आपल्याला दिसत नाही, इतकंच.

चिंगी इंजिनियर

भांडू नका 🙂 काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की आपला ल आणि श येतो, नाहीतर दुसरा येतो. छापण्याआधी एकदा तपासा, बस.

कोकणकन्या

लाकडाचंच हवं असेल तर सावंतवाडीला चितार आळीत विचारून बघा. लाकडी फळं आणि खेळणी करणारे कारागीर आहेत. माझ्या मामाने भाच्याचं नाव असंच कुणाकडून करून घेतलं होतं, वर आंबा-काजूची चित्रं. पण एका रात्रीत होणारं काम नव्हे ते.

डॉक्टरीणबाई

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण चार गोष्टी सांगते.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. सहा फुटांवरच्या भिंतीवर काय लिहिलंय याच्याशी त्याला काही घेणं नाही. ही अक्षरं रात्री तीन वाजता जागणाऱ्या आई-बापासाठी असतात, आणि त्यात वाईट काही नाही.

पाळण्याच्या *वर* काहीही टांगू नका. समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर, हात पोचणार नाही असं. आज पोचत नाही ते सहा महिन्यांनी पोचतं आणि मग तोंडात जातं. मणी, टिकल्या, घुंगरू, बटणं नकोत. लोंबती दोरी नको.

रंग लावणार असाल तर डब्यावरचं वाचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त चालत नाही, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. माळ्यावरचा जुना ऑइलपेंटचा डबा काढू नका, तो त्याआधीचा असू शकतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नवीन कापून आणलात तर त्याला फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो. आठवडा-दोन आठवडे गॅलरीत ठेवा.

मेथांबा

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! ठरलं: काठी + फेल्ट + आत बकरम. वहिनीच्या आईची एक जुनी इरकल मिळाली आहे, तिचे काठ अक्षरांच्या कडेला लावणार. (सुलट बाजूने, टाकाऊटिकाऊ ताई 😀)

पण आईचं काय करू? मी फेल्ट आणलं तर म्हणाली, "रिकामा पाळणा हलवू नये आणि रिकामी भिंत सजवू नये." दुसरं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

माजघर

दुसरं तुझ्या आईने आत्ताच तयार केलंय. 😀 पण तिला नावं ठेवू नकोस. माझ्या आजीची पहिली दोन मुलं बाळंतपणातच गेली. त्यानंतर तिने कधीही आधी एक टोपडंसुद्धा शिवलं नाही. सगळं जुनंच, बहिणीकडून आणलेलं, तेही मूल रडल्यावर. अंधश्रद्धा म्हणा हवं तर. मला ती दुखरी जागा सांभाळायची रीत वाटते. तू सामान तुझ्या घरी ठेव, दादाच्या घरी नको. आईचं ऐकल्यासारखंही होईल.

मेथांबा

माजघर, हे मनात आलंच नव्हतं. आईला विचारलं. माझ्या आणि दादाच्या मध्ये एक होतं म्हणे. मला २९ वर्षांत आज कळलं. सामान माझ्याच घरी ठेवलंय.

स्वाती जर्सी

🤗

थर्माकोलकिंग

खिळ्याचं कुणी सांगितलं नाही. चिकटणारे हुक पावसाळ्यात लावू नका. भिंत दमट असते, आणि साधा डिस्टेंपर असेल तर हुक सालपटासकट निघतो, वर डिपॉझिटमधून पैसे जातात. प्लॅस्टिक पेंट असेल तर कोरड्या फडक्याने पुसून लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या, मगच वजन टांगा. नाहीतर खिडकीवरच्या पडद्याच्या ब्रॅकेटलाच काठी अडकवा, भिंतीला हातच नको.

बंड्या टू पॉइंट ओ

मी काय म्हणतो, आत्या नाव सांगणार, आत्याच अक्षरं करणार. मग नाव आत्याच्या सोयीने ठेवा की. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, ध-भ नाही. 'कमल'. 'मदन'. 'गजानन'.

कोकणकन्या

'बबन'.

माजघर

आमच्या ऑफिसात एक बबन आहे, त्याच्या मुलाचं नाव रियांश. त्याची आत्या असती तर रडली असती.

निवृत्त मास्तर

हल्लीच्या नावांत ऱ्हस्व-दीर्घाचा काही धरबंध उरलेला नाही. एकाच वर्गात तीन तऱ्हेने लिहिलेल्या तीन आरोही होत्या.

मेथांबा

धागा वर काढतेय, कारण रिपोर्ट द्यायचाय.

मुलगी झाली!! दोघी छान आहेत. काल बारसं झालं.

परवा रात्री नऊ वाजता दादाचा फोन. नाव: तनिष्का. मी डोक्याला हात लावला. बंड्या, तुमचं 'कमल' फार आठवलं. मध्ये वेलांटी, शेवटी ष्का! पण बोरूबहाद्दरांनी सांगितल्याप्रमाणे ष्का एका तुकड्यात कापलं. चौथ्यांदा जमलं. क चा डावा गोल आणि ष ची मधली तिरकी रेघ एकमेकांत घुसत होती, शेवटी दोन रंगांचं फेल्ट घेतलं तेव्हा वाचता आलं. इरकलीचा काठ फक्त कानाला पुरला, तो बरा दिसतोय. काठी म्हणजे साधी वेताची छडी. वेलांटी हँगरच्या तारेची, पिवळी लोकर गुंडाळून. काठीला भोक पाडायला ड्रिल नव्हतं, तापवलेल्या सुईने पाडलं आणि मग खिळ्याने मोठं केलं. पहाटे साडेतीनला संपलं. पडद्याच्या ब्रॅकेटवर टांगलं.

आता फजिती. सगळी अक्षरं दोन ठिकाणी बांधली होती. वेलांटी मात्र नुसती भोकात. दुपारी घरात चाळीस माणसं, कुणीतरी पंखा पाचवर केला. पाळणा म्हणून झाला, मी कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, सगळे भिंतीकडे वळले. आणि दादाचे सासरे मोठ्याने वाचतात: "ती-न-ष्का."

वेलांटी गर्रकन फिरून न वरून त वर जाऊन बसली होती! ऱ्हस्वाची दीर्घ आणि न ची त ला!

वहिनीचा मामा म्हणाला, "तीन? आम्हाला तर एकच दाखवली."

बंड्या टू पॉइंट ओ

😂😂😂 हा धागा वाचनखुणेत साठवला. मुलीचं घरचं नाव ठरलं: तीन.

बोरूबहाद्दर

चूक माझी. अक्षरं दोन ठिकाणी बांधा म्हटलं, वेलांटीचं सांगायला विसरलो. भोकात फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा, काठी भिंतीवरून काढून, खोलीबाहेर नेऊन. वाळली की बाहेरच तासभर ठेवा.

मुलीला आशीर्वाद. फोटो टाका.

निवृत्त मास्तर

ऱ्हस्वाचं दीर्घ पंख्याने केलं हे कारण मी पहिल्यांदाच ऐकतो. पोरं दरवर्षी वेगवेगळी कारणं द्यायची, हे कुणाला सुचलं नव्हतं. अभिनंदन.

माजघर

अभिनंदन आत्याबाई. आई काय म्हणाली?

मेथांबा

आई काही म्हणाली नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर स्टूल घेऊन वर चढली आणि वेलांटी हाताने सरळ केली. आज सकाळी दादाचा फोन आला, रात्री पंखा लावल्यावर परत 'तीन' झालं म्हणे. रविवारी फेव्हिक्विक घेऊन जाते.

सडाफटिंग

अभिनंदन. एक विचारू? ती वेताची छडी कुठे मिळाली? नातू होणार आहे जानेवारीत. झोळी आहेच, पण भिंत मोकळी दिसते.